बी नसलेलं तेल

"थांबा. सांगू नोका."

एवढं म्हणून ते डावा तळहात पुढे करायचे. तेलाचा थेंब पडला की उजव्या अंगठ्यानं सावकाश चोळायचे, तळहात नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि शेवटी जिभेचं टोक लावायचे. समोर व्यापारी हातात डबा घेऊन ताटकळत उभा असायचा. मग डोळे उघडून ते म्हणायचे, "जवस हाय. पन शेजारी करडी बसली व्हती." व्यापाऱ्याचा चेहरा उतरला की बघणाऱ्यांनी समजायचं, निकाल बरोबर लागला.

खामगावच्या तेलबाजारात त्यांना सगळे पारखी म्हणत. त्यांचं दुकान नव्हतं, पाटी नव्हती. कुणाला कुणाच्या मालाचा संशय आला की पारख्यांना बोलावणं जायचं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. मी बाजाराच्या तोंडाशी मोटारीचे सुटे भाग आणि मोटारीचं तेल विकणाऱ्या एका दुकानात नोकरीला होतो. गावात मोटारी इतक्या कमी की दुपारी आमच्या दुकानात माशासुद्धा कंटाळून बाहेर जायच्या. अशा वेळी पारखी आमच्या बाकावर येऊन टेकायचे आणि वेळ जावा म्हणून मला तेल ओळखायला शिकवायचे. मी त्यांना भाऊ म्हणायचो. मला ते कौतुकानं "बे गाढवा" म्हणत.

माणूस एरवी गरीब स्वभावाचा, पण जिभेच्या बाबतीत राजा. वऱ्हाडात जन्म काढून त्यांनी मिरचीला हात लावला नव्हता, का तर जीभ बिघडते. लग्नात त्यांना बोलवायला लोक कचरत. पंगतीत पुरीचा तुकडा तोंडात टाकून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "कढईतलं तेल कालचं हाय." मुलीचा बाप तिथल्या तिथे घामाघूम व्हायचा. आणि चिडले म्हणजे त्यांच्या तोंडी एकच शिवी असायची, "भेसळ्या". लहानपणापासूनच्या एका मित्राच्या पिंपात त्यांना सरकीचं तेल सापडलं, त्या दिवसापासून त्यांनी त्याच्या हातचा चहा घेतला नाही. मित्रानं पाया पडून पाहिलं, उपयोग झाला नाही.

तर असा हा माणूस एका दुपारी दुकानात आला, बाकावर बसला नाही, सरळ पिंपापाशी गेला.

"मोटारीत कोनतं तेल टाकते बे?"

मी चाळीस नंबरचं तेल पळीत काढलं. त्यांनी तळहात पुढे केला. "थांब. सांगू नोको." चोळलं, हुंगलं. मी ओरडायच्या आत जिभेलाही लावलं. मग डोळे मिटून ते इतका वेळ उभे राहिले की मालक आतून उठून बाहेर आले. भाऊंनी डोळे उघडले आणि मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेला प्रश्न ऐकला.

"कशाचं हाय?"

"जमिनीतून निघते, भाऊ."

"भुईमूगही जमिनीतूनच निघते. बी कोनतं याचं?"

"बी नाही याला."

"बी नाही म्हंजे?"

त्यांनी तळहात दुकानाच्या खांबाला पुसला. "ज्याले बी नाही, त्याचा भरोसा काय?" असं म्हणून गेले. त्यांच्या तळहाताचा तो काळा फराटा खांबावर पुढे बरीच वर्षं होता.

दुसऱ्या दिवशी कारण कळलं. पारखी बोट घेणार होते.

बाजारात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. खामगावात पाण्याचा टँकर आला तर लोक बघायला जमायचे, तिथे बोट कशाला? पण मोताळ्याकडे धरण झालं होतं आणि भाऊंचं मूळ गाव त्याच धरणाच्या काठाशी होतं. धरणावर काम करायला आलेला एक परप्रांतीय कंत्राटदार हौसेनं मुंबईहून जुनी जेट बोट घेऊन आला होता. काम संपलं, आता तो गाशा गुंडाळत होता आणि बोट त्याच्या गळ्यात पडली होती. मोटारीतलं कळणारा माणूस म्हणून भाऊंनी मला सोबत नेलं.

बोट काठावर दोन ओंडक्यांवर ठेवलेली होती. भाऊंनी बैल पाहतात तशी ती पाहिली. आधी लांबून पाहिली, मग भोवती फिरून, मग कुशीवर थाप मारून. मग आडवे होऊन खाली डोकावले आणि तसेच कपाळाला आठ्या घालून उठले.

"पंखा कुठी हाय हिचा?"

"भाईसाब, इसमें बाहर पंखा नहीं होता," कंत्राटदार म्हणाला. "नीचे से पानी खींचती है, पीछे से जोर से फेंकती है. बस, भागती है."

भाऊंचा चेहरा एकदम उजळला. त्यांच्या वडिलांची लाकडी घाणी होती, बालपण घाणीच्या फळीवर बसून गोल फिरण्यात गेलेलं. "म्हंजे घानीच झाली की! आत घेते, पिळते, बाहीर टाकते." मग थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "मंग पेंड कुठी जाते?"

कंत्राटदारानं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

इंजिन मी तपासलं. मोटारीचंच इंजिन होतं, पण रिंगा झिजलेल्या. मी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, "घेऊ नका. हे तेल खाणार आणि धूर ओकणार."

"धूर? तेलाचा धूर?"

"हो, जे तेल टाकाल त्याचा."

"मंग झालंच," ते खुशीत म्हणाले. "धूर कशाचा काढाचा, थे आपल्या हाती." आणि खांद्यावरचा पंचा काढून कंत्राटदाराकडे वळले.

आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात पंचाखाली जातात, बोटं दाबून देणंघेणं ठरतं, बाहेरच्याला काही कळत नाही. भाऊंनी कंत्राटदाराचा हात धरला, त्यावर पंचा टाकला आणि बोटं दाबायला सुरुवात केली.

"अरे भाईसाब! ये क्या कर रहे हो?"

भाऊ गंभीर चेहऱ्यानं दाबतच राहिले. कंत्राटदाराला गुदगुल्या झाल्या. तो हसत हसत हात सोडवायला गेला, त्यात त्याचीही बोटं इकडे तिकडे दाबली गेली. "झाला सौदा!" भाऊ गरजले आणि पंचा झटकून खांद्यावर टाकला. कोणत्या भावाला झाला हे भाऊंना विचारून मी कंत्राटदाराला समजावून सांगितलं. बोट जातेय या आनंदात तोही हो म्हणाला. जाताना त्यानं मला पाण्यात अर्धा दिवस ती चालवायला शिकवली. त्या बोटीचं एक विचित्र होतं. वेग कमी केला की ती वळायचीच नाही. "डर लगे तो और तेज करो," असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "भाऊ, हे सगळं काऊन?"

तेव्हा बाईची गोष्ट कळली. बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, भाऊंना हिनंच वाढवलं. भाऊंनी लग्न केलं नाही, त्यामुळे बाईचं माहेर म्हणजे भाऊ आणि त्यांचं गावातलं दोन खोल्यांचं घर. तिचं सासर नदीच्या पलीकडच्या गावात. पूर्वी दिवाळीत नदीतून बैलबंडी आणून भाऊ तिला घेऊन यायचे, सकाळी निघालं की चुलीवरचा चहा उकळायच्या आत घरी. धरण भरलं आणि नदीचं गुडघाभर पाणी समुद्राएवढं झालं. आता बसनं मोठा वळसा घालून यायचं, आणि बाईला बस लागायची. अशी लागायची की पहिल्या खेपेला तिला स्टँडवरून खाटेवर घालून घरी न्यावं लागलं. मोटारीचा वास आला की संपलं. त्या दिवसापासून तिनं माहेरचं नाव टाकलं होतं.

"तुम्हीच जाऊन भेटत जा," मी म्हणालो.

"जातो ना. पन तिथं थे सुनांची सासू हाय. लेकासुनांसमोर गोड बोलते, बापू जेव, बापू घे. मले एक शिवी देत नाही." ते खिडकीबाहेर पाहत होते. "घरी आली का मंग खरी बाई. शर्टापासून सुरू करते अन् झोपेपर्यंत थांबत नाही. दोन दिवाळ्या झाल्या, मले कोनी बोललं नाही बे."

एवढा बाप्या माणूस शिव्या खायला आसुसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"साधा डोंगा केला असता," मी म्हणालो.

"तिले पान्याचं भेव हाय. डोळे मिटून बसते. डोळे मिटून मानूस किती वेळ बसन? ही बोट डोळे उघडाच्या आत पार जाते. आता फक्त वासाचं पाहाचं."

म्हणून तेल. सगळं घोडं त्या तेलाशी अडलं होतं. मी म्हटलं, पेट्रोलचाही वास येईलच की. ते म्हणाले, "थो उडून जाते. गळ्यात अडकते थे जळलेलं तेल."

पुढचे काही दिवस आमच्या दुकानाचं स्वयंपाकघर झालं. भाऊंनी स्टोव्ह आणला, लोखंडी पळी आणली आणि एकेक तेल जाळून ते धूर हुंगू लागले. मालक घरच्या कार्यासाठी गावाला गेले होते म्हणून हे जमलं. भुईमुगाचं तेल जाळलं तर गिऱ्हाईक आत येऊन विचारू लागलं, भजी झाली का? भाऊंनी ते बाद केलं. "बाईचा उपास असला त मधातच भूक लागन." तिळाचा वास त्यांना फार आवडला, देवळात बसल्यासारखा, पण तेल पातळ. करडी घशाला खाजवते. सरकीचं नाव मी काढलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पळी खाली ठेवली. जवस?

"जवस इंजिनात?" ते हसले. "जवस खिडक्यादारांच्या रंगात घालाचं तेल. वाळते, अन् चिकटून बसते. गरम झालं त गोंद होते त्याचा. इंजिन मेलं समज."

शेवटी एरंडी. बंडीच्या आसाला लावतात ती, घट्ट, जडशीळ, तापली तरी न हटणारी. धूर गोडसर. शिवाय लहानपणी दर रविवारी नाक दाबून बाईनंच ती त्यांना पाजली होती. मी गावातल्या एका जुन्या ट्रकवाल्या उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, चालेल, जुन्या जमान्यात चालायची, मात्र आधीचं तेल धुऊन काढा, दोघांचं पटत नाही. आणि काम झालं की उतरवून घ्या, फार दिवस आत ठेवू नका. हे मी भाऊंना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते "हाव" म्हणाले.

भाऊबीजेच्या सकाळी मी ती बोट पलीकडे नेली. सगळं गाव काठावर होतं. बाई गाठोडं घेऊन उभी, हाडकुळी, उंच, नाकावर पदर. भाऊ तेलाचा डबा मांडीवर घेऊन इंजिनापाशी बसले होते, जणू देवाचा नैवेद्य सांभाळतायत.

"बाई, डोळे मीट."

तिनं मिटले. मी इंजिन चालू केलं. मागून पाण्याची ही जाडजूड पिचकारी उडाली, काठावरची माणसं भिजली, आणि आम्ही सुटलो. झिजलेल्या रिंगांमधून पांढरा गोडसर धूर आमच्यावर पसरला. भाऊ बहिणीच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. मला पाणी दिसत होतं, काठ दिसत होता, पण मीही मधून मधून तिच्याच तोंडाकडे पाहत होतो.

तिनं पदर नाकावरून खाली घेतला. डोळे मिटलेलेच.

"बापू, घानी कुठी चालू हाय रे? एरंडीचा वास येऊन राह्यला."

भाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. धुरानं असेल असं मी तेव्हा मनाशी म्हटलं, पण धुरानं माणूस एवढा हसत रडत नाही.

इकडचा काठ आला आणि मी घाबरून वेग कमी केला. कंत्राटदाराचं सांगणं नेमकं तेव्हाच विसरलो. बोट वळली नाही. ती सरळ काठावर चढली आणि एका तुरीच्या वावरात शिरून थांबली. तुरीच्या झाडांत बसून बाईनं विचारलं, "आलं काय माहेर?"

"आलं."

तिनं डोळे उघडले, बोट पाहिली, तूर पाहिली, मग भावाकडे पाहिलं. "हे काय घातलं बे अंगात? गुंड्या कुठी गेल्या शर्टाच्या? मानूस हायेस का बुजगावनं?" घरापर्यंत ती थांबली नाही. भाऊ गाठोडं डोक्यावर घेऊन पुढे चालत होते आणि वळून वळून माझ्याकडे पाहून हसत होते.

बाई तुळशीच्या लग्नानंतर परत जाणार असं ठरलं होतं. मी खामगावला आलो. येणारे जाणारे सांगत, पारखी रोज संध्याकाळी बोट पाण्यात ढकलून इंजिन घरघर चालवत बसतात. मला वाटलं, हौस. मी तुळशीचं लग्न आटोपून गेलो आणि इंजिन फिरवायला पाहिलं. ते फिरेना. दोन हातांनी जोर लावला, तसूभर हललं नाही. जणू आत कुणी दगड भरला होता.

खालचं तेल काढलं. ते धारेनं येईना, काकवीसारखं लोंबत आलं. मी सवयीनं डावा तळहात पुढे केला. अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. एरंडी होती. पण शेजारी जवस बसला होता. आणि चांगला पाय पसरून बसला होता.

मी डोळे उघडले तर भाऊ समोर उभे. एखाद्या व्यापाऱ्याचा होतो तसा त्यांचा चेहरा उतरलेला. सगळ्या बाजाराची भेसळ पकडणारा माणूस खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. घरातून बाईचा आवाज येत होता, पाण्याची घागर कुठे ठेवली यावरून ती त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

"थांब," ते हळूच म्हणाले. "सांगू नोको."

मी तेल मातीत ओतलं. घरात जाऊन बाईला सांगितलं, इंजिन जुनं होतं, बसलं. दुरुस्त व्हायचं नाही.

"अस्सं?" बाई म्हणाली. "मंग आता राहाच लागन." आणि चुलीत लाकूड सारलं.

बाई संक्रांतीपर्यंत राहिली. मधून मधून भाऊ बाजारात यायचे, अंगावर सगळ्या गुंड्या लावलेला शर्ट. "आज सकाळपासून बोलून राह्यली," असं ते लग्नाची बातमी सांगावी तसं सांगायचे. शेवटी जायची वेळ आली तेव्हा भाऊंनी इंजिनात घालून डब्यात राहिलेलं तेच तेल एका छोट्या बाटलीत भरलं आणि तिच्या हातात दिलं. मोटारीत बसली की बूच काढून नाकाशी धर, म्हणाले. बाई बसनं गेली. सगळा वळसा घालून, दोन ठिकाणी बस बदलून. तिला काहीसुद्धा झालं नाही.

हे कळलं तेव्हा भाऊ माझ्या बाकावर बसून बराच वेळ हसत होते. "म्हंजे नुसती बाटली पाह्यजे व्हती बे गाढवा. आपन बोट घेतली!"

त्यानंतर बाई दर दिवाळीला बसनं यायची, नाकाशी बाटली धरून. त्याच डब्यातून बाटली भरून द्यायचं काम भाऊंचं. बोट त्यांच्या घरामागे पडून होती. पुढे शेजाऱ्यांनी तिच्यात कडबा टाकायला सुरुवात केली आणि म्हशी तिच्यातून खाऊ लागल्या.

भाऊ गेले ते खामगावातच, त्यांच्या भाड्याच्या खोलीत, अचानक. बाजार अर्धा दिवस बंद होता. ज्या मित्राच्या हातचा चहा त्यांनी सोडला होता, तो खांदा द्यायला सगळ्यांत पुढे होता. मला फार पोरकं वाटलं, आणि तसं वाटायचा मला हक्क आहे की नाही, हेही कळत नव्हतं. दुपारी बाकाकडे बघवत नसे.

दिवसकार्य आटोपल्यावर बाई दुकानात आली. पूर्वीपेक्षा वाकलेली. तिनं कनवटीतून ती बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. रिकामी होती.

"येतानी पदराले लावून हुंगत आली, सारी संपली. आता जाऊ कशी? भरून दे बाबा."

मी समोरच्या घाणीवरून चोख एरंडेल आणलं, निवडून, तळहातावर पाहून. बाटली भरून दिली. तिनं बूच काढलं, डोळे मिटले, हुंगलं, आणि मान हलवली.

"हे त्याचं नव्हे."

"बाई, हे अगदी चोख आहे."

"म्हनूनच." तिनं बाटली माझ्यापुढे सरकवली. "थोडा जवस टाक त्याच्यात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"घानीवर त्याले मांडीवर घेऊन कोन बसत व्हतं? त्याले वास मीनंच शिकवले. रोज सांजच्याला थो धूर अंगनात येत व्हता, मले काय नाक नाही?" पदरानं तिनं बाटलीचं तोंड पुसलं. "बोलली असती त वापस जा लागलं असतं मले."

मी जवस आणून थेंब थेंब टाकला, ती पुरे म्हणेपर्यंत. मग तिला स्टँडवर सोडायला गेलो. खिडकीपाशी बसून तिनं बूच काढलं, बाटली नाकाशी धरली आणि डोळे मिटून घेतले. बस सुटेपर्यंत मी खाली उभा होतो. तिनं डोळे उघडले नाहीत.

"बापू," ती तशीच म्हणाली, "गुंड्या लाव."